किसनच्या दारातली सगुणाबाई

रविवारच्या उपासनेत पाप कबूल करायची प्रार्थना आली की आम्ही सगळे एका सुरात 'आम्ही पापी आहोत' म्हणून मोकळे व्हायचो. सगुणाबाईचं तसं नसे. दाराजवळ सतरंजीच्या टोकाला ती बसायची आणि सगळ्यांचं म्हणून झालं की एकटीच म्हणायची, "देवा, मी दारू गाळली. माझ्या दारूनं किसनचे डोळे गेले." पाळकसाहेबांनी एकदा तिला बाजूला घेऊन समजावलं, की बाप्तिस्मा झाला, क्षमा मिळाली, आता तेच तेच उगाळू नये. तिनं मान डोलावली आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच म्हटलं. म्हाताऱ्या बायका पदरानं डोळे टिपायच्या. मी पेटी वाजवून गाणी म्हणायचे. माझ्या गाण्यानं कधी कुणाचे डोळे ओले झाले नव्हते.

आमचं गाव घोडेगावपासून पायी तासाभरावर. पणजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. आताच्या पाळकसाहेबांच्या आधी वडीलच इथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. ते गेल्यावर आई बायकांची प्रार्थनासभा चालवायची आणि मी गावातल्या शाळेत शिकवायचे. लग्न केलं नव्हतं. घरात आम्ही दोघीच.

सगुणाबाई ओढ्यापलीकडे राहायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. हातभट्टीची दारू गाळून ती पोट भरायची. एका पोळ्याला तिच्याकडची दारू पिऊन किसन नावाच्या मजुराची दृष्टी कायमची गेली. पोलीस यायच्या आधीच तिनं भट्टीची मडकी आपल्या हातानं फोडली होती. काही महिन्यांची कैद भोगून ती सुटली, ती थेट आमच्या ओसरीवर येऊन बसली. आत प्रार्थनासभा चालली होती. आत ये म्हटलं तरी येईना, नुसती रडत होती. शेवटी आई उठून बाहेर गेली.

"रडून झालं असेल तर ऊठ," आई म्हणाली. "पश्चात्ताप म्हणजे वळणं. वळलीस ना? मग आता चालायला नको का?"

त्या दिवसापासून ती आमच्या घरचीच झाली. दुपारी आई तिला शुभवर्तमान वाचायला शिकवू लागली. तिचं बोट धरून ओळीवरून फिरवायची. मला अक्षरं वडिलांनी शिकवली होती. आईनं माझं बोट असं कधी धरल्याचं आठवत नव्हतं. मी शाळेतून यायचे तेव्हा दोघी डोक्याला डोकं लावून बसलेल्या असत, आणि माझा चहा मीच करून घेई. सगुणाबाई माझ्या आईला आई म्हणायची. आई तिला 'पोरी' म्हणायची आणि मला 'बाई', कारण सारं गाव मला बाई म्हणत असे.

एकदा मी आईला विचारलंच, की मी कधी कुणाचं वाईट केलं नाही, ते कमी पडलं का? आई तांदूळ निवडत होती. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "तुझी मला कधी काळजीच करावी लागली नाही, बाई." हे कौतुक आहे असं तिला वाटत होतं.

बाप्तिस्म्यानंतर सगुणाबाई किसनच्या दारात जायला लागली. पहिल्या दिवशी किसनच्या बायकोनं, गयानं, तिच्या अंगावर शेणाची पाटी रिकामी केली. ती ओढ्यावर धुऊन आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. सरपणाची मोळी ठेवायची, हंडा भरून ठेवायचा आणि परतायचं. गया ते पाणी तिच्यादेखत ओतून द्यायची. मंडळीतल्या बायका म्हणाल्या, देवानं माफ केलंय ना, मग एवढी मानहानी कशाला? त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे. "देवाकडं माझं मिटलं. किसनकडं कुटं मिटलंय?"

बहात्तरच्या दुष्काळात ओतून द्यायला पाणीच उरलं नाही. गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलं. सगुणाबाई रोज गयाच्या शेजारची जागा धरायची. हातोडीखेरीज दोघींत आवाज नसे. मग गया तापानं पडली. घरात आंधळा नवरा, आणि खायला सरकारी सुकडी मिळायची ती कामावर हजर असणाऱ्यालाच. दुपारच्या सुट्टीत मी तिकडून जात होते, म्हणून पुढचं मला दिसलं. सगुणाबाई आपल्या वाट्याची सुकडी घेऊन किसनच्या दारात उभी होती आणि तो भिंत चाचपत बाहेर आला होता. आपण कोण ते तिनं सांगितलं.

"माफ करनार न्हाई तुला," तो म्हणाला. "पर मला कामावर न्यायला कुनी न्हाई. हात धर."

तिनं हात धरला. उन्हातून ती दोघं खडीच्या ढिगाकडे चालत गेली. त्याच्या हाताला हातोडी दिली, दगड कुठे आहे ते दाखवलं, आणि ती शेजारी बसली. मी छत्री घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होते. कुणी मला क्षमा नाकारावी आणि तरीही हात पुढे करावा, असं माझ्या आयुष्यात काही घडलेलं नव्हतं, घडणारही नव्हतं. त्या दुपारी मला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. दिवाळीच्या सुमारास संगमनेरकडच्या साखर कारखान्याचा मुकादम ऊसतोडीला माणसं न्यायला आला. ऊस तोडायला जोडी लागते. एकानं कोयता चालवायचा, दुसऱ्यानं मोळी बांधायची. गयाला जोडी नव्हती. ती आमच्या ओसरीवर आली, माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, "तिला म्हनावं, चल माझ्यासंगं." एवढंच बोलून निघून गेली.

आईनं सगुणाबाईला कापडात बांधून शुभवर्तमान दिलं, आणि ट्रकपर्यंत जायला आपल्याला जमणार नाही असं म्हणून घरातच बसली. मी गेले. किसन आधीच वर चढून बसला होता. गया त्याच्या पांघरुणांचं गाठोडं नीट लावत होती. सगुणाबाईनं माझे दोन्ही हात हातात घेतले.

"बाई, एक सांगू का? तुमचा मला लई हेवा वाटायचा," ती म्हणाली. "तुमी गात हुता तवा मी दारात बसून म्हनायची, हिला झोप कशी शांत लागत आसंल. आईच्या पोटात हुता तवापासनं देवाच्या घरात. कुनाचं काय फेडायचं न्हाई. मला तसं येकदा तरी जगाया मिळालं आसतं तर."

मुकादमानं हाक मारली. वरून गयानं हात खाली दिला, सगुणाबाई तो धरून चढली आणि किसनशेजारी बसली. ट्रक घोडेगावच्या वळणाला लागेपर्यंत मी तिथेच उभी होते. मग घरी आले. आई भिंतीला टेकून रडत होती. मी तिच्याजवळ बसले. बऱ्याच वेळानं तिनं माझा हात शोधला आणि म्हणाली, "तू तरी आहेस, पोरी."