मशीन उघडायचं कुणी?

सुंदरामावशी वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. परळच्या एका मिलमध्ये वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या मशीनवर कामाला होती. तिला सही करता येत नव्हती. मी मात्र पुढे वीज खात्यात इंजिनीअर झाले, ती तिच्यामुळे.

तिच्या खात्यात सगळ्या बायकाच. मशीन अडलं की फिटरची वाट बघत बसायचं. तो यायचा, बायकांकडे पाठ करून झाकण काढायचा, आत काहीतरी करायचा आणि झाकण परत लावायचा. मावशी एकदा वाकून बघायला गेली तर म्हणाला, "बाजूला हो, बाई. तुझं काम नाही ते."

घरी येऊन ती नवऱ्याला, दगडूकाकांना म्हणाली, "मशीन चालवायचं बाईनं आन् उघडायचं बाप्यानं. आसं का वं?"

काका हसले. ती हसली नाही.

छप्पन साली त्यांची मुलगी मालन मॅट्रिक झाली. गणितात शाळेत पहिली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, हिला शिक्षिका करा. मावशी म्हणाली, "ही मशीन उघडायला शिकंल."

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. जानेवारीतल्या गोळीबाराची धास्ती चाळीतून गेली नव्हती, तरी मावशी मोर्च्यांना जायची आणि घसा बसवून यायची. तशाच बसलेल्या आवाजात ती लेकीला घेऊन पॉलिटेक्निकच्या प्रिन्सिपलांसमोर उभी राहिली. प्रिन्सिपल भले गृहस्थ. म्हणाले, "मुलींना बंदी नाही. पण आजवर कुणी आलेलीच नाही. वर्कशॉपच्या शामराव मास्तरांना विचारू."

शामराव मास्तर आडपडदा ठेवणारे नव्हते. "पोरगी हुशार आहे. पण लोखंड कातायचा लेथ गरागरा फिरत असतो. पदर अडकला, निऱ्या अडकल्या, तर जीव जाईल. मी कुणाला तोंड दाखवू?"

त्यांची भीती खरी होती. मावशीने जरा विचार केला आणि विचारलं, "माझ्यावानी नेसली तर?"

घट्ट कासोटा, पदर कमरेला खोचलेला. मिलमधल्या मशीनच्या फिरत्या पट्ट्यांच्या मधून ती तशीच वावरायची. मास्तरांनी नीट बघितलं.

"आणि वेणी?"

"अंबाडा. वर रुमाल."

"सोमवारी पाठवा," मास्तर म्हणाले.

मोठ्या बायकांसारखी नऊवारी नेसून रोज पॉलिटेक्निकला निघणाऱ्या मालनला चाळ हसली. मालन खाली मान घालून जायची, पण जायची.

दुसऱ्या वर्षी पालकांना वर्कशॉप बघायला बोलावलं. काकांची दिवसपाळी होती, म्हणून मावशी मला घेऊन गेली. मी तेरा वर्षांची. मालनने लेथ सुरू केला आणि लोखंडाची साल दुधीच्या सालीसारखी वेटोळी होत निघाली, निळी पडत खाली गळली. मग त्या लोखंडी दांड्यावर आटे उमटायला लागले, एकाला लागून एक, सगळे सारखे. मास्तरांनी तो काढून उभा धरला, त्यावर नट ठेवून बोटाने टिचकी मारली. नट फिरत फिरत थेट खालपर्यंत गेला. कुठे अडला नाही.

मावशीने तो बोल्ट उचलला. अजून गरम होता, तरी सोडला नाही.

"हे हिनं केलं?" तिने मास्तरांना विचारलं.

"हिनेच."

मावशी नट वर नेत होती, खाली आणत होती. तिला मोर्च्यात ओरडताना मी बघितलं होतं, नळावर भांडताना बघितलं होतं. इतकी गप्प कधीच बघितली नव्हती. मालन डोळ्यांत पाणी आणून आईकडे बघत उभी होती. माणसाच्या हातून, आमच्या चाळीतल्या मुलीच्या हातून हे होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मालन पास झाली, कारखान्यात लागली. मावशीने मग कुणाला सोडलं नाही. सुट्टीच्या दिवशी कुणाची मुलगी मॅट्रिकला आहे याची चौकशी करत हिंडायची.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी मी मॅट्रिक झाले. माझी आई कोकणातली, भित्र्या स्वभावाची. मावशी आमच्या उंबऱ्यात येऊन बसली.

"राधाबाई, कांताला पॉलिटेक्निकात घाल."

"ती मालनसारखी हुशार नाय गो. जमेल का तिला?"

"मला काय ठावं? तुला तरी कुठं ठावं हाय? जाऊ तर दे."

जूनमध्ये मला पॉलिटेक्निकात घेऊन आईच गेली. त्या वर्षी वर्गात आम्ही तिघी मुली होतो. बाकीच्या दोघी नायगावच्या. तिथे मावशीच्या ओळखीचं कुणी नव्हतं, तरी ती दोघींच्याही घरी जाऊन आली होती.