इरासोबत चार दिवस: मांडाई, पासिर रिस आणि उबिन

सिंगापूरला जायचं की नाही हे मला ठरवावं लागलंच नाही. कोर्टाच्या कागदावर ते लिहिलेलंच आहे: वर्षातून एकदा, मुलीच्या शाळेला जूनची सुट्टी असताना, सलग चार दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. ठरवायचं होतं ते एवढंच, की या चार दिवसांत दहा वर्षांच्या मुलीला न्यायचं कुठे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मी सहा वर्षं सिंगापूरला आयटीत होतो. बायको मानसी आणि मुलगी इराही तिथेच. मग माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे नोकरी करायचा परवाना, वाढवून मिळाला नाही. मानसीची नोकरी तिथे पाया लेबार भागात नीट चालली होती, म्हणून मी एकटाच पुण्याला परत आलो. सहा महिन्यांत काहीतरी जमवतो म्हणालो होतो. जमलं नाही, आणि तेवढ्यात आमचं आपसातलंही विरत गेलं. घटस्फोट भांडण न होता झाला. इरा आईकडे राहिली. गेल्या जूनमध्ये नव्या नोकरीत मला रजा मिळाली नव्हती, म्हणजे ही भेट दोन वर्षांनी होती. दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो, पण त्यात फार तर तिचं कपाळ आणि पंखा दिसतो.

महिनाभर आधीपासून मी ‘मुलांना घेऊन सिंगापूर’ छापाचं सगळं वाचून काढलं. आता तुमच्यासाठी तेच लिहितोय. पुण्याहून मुंबईला टॅक्सीने जायचं आणि तिथून विमान. सकाळी चांगीला उतरता येतं. व्हिसा आधी काढावा लागतो. मी तोआ पायोहला प्रसादकडे उतरलो. प्रसाद माझा कॉलेजातला मित्र, तिथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करतो. त्याच्या इमारतीखालीच हॉकर सेंटर आहे, त्यामुळे जेवणाची चिंता नसते. हॉटेलं महाग आहेत, कुणी ओळखीचं असेल तर संकोच करू नका.

मानसीने इराला पासिर रिस स्टेशनवर आणून सोडायचं ठरलं होतं. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, हिरव्या लाइनचं हे शेवटचं स्टेशन. मी साडेनऊलाच जाऊन उभा राहिलो. दहाला दोन मिनिटं असताना दोघी सरकत्या जिन्याजवळ दिसल्या. इरा मानसीच्या खांद्याला लागली होती. तिने चष्मा लावला होता, आणि तो कधी लागला हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

“हाय बाबा,” ती म्हणाली. मग आठवून आठवून मराठीत, “तुम्ही कसे आहात?”

मी हसलो. मला वाटलं, गंमत करतेय.

पहिला दिवस मांडाईचं प्राणिसंग्रहालय. पूर्वेकडून निघत असाल तर नुसत्या जाण्याचे पावणेदोन तास धरा. दोनदा एमआरटी बदलून आंग मो किओ आणि तिथून बस. तिकीट आधी ऑनलाइन काढलंत तर रांग टळते. टोपी आणि पाणी हवंच. ओरँगुटान डोक्यावरच्या दोरांवरून मोकळे हिंडतात आणि माणसं खालून माना वर करून चालतात. तेवढ्यासाठीसुद्धा जावं असं ठिकाण आहे.

पण इरा तिथे चारदा जाऊन आली होती. शाळेबरोबर दोनदा, आईबरोबर एकदा आणि मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर एकदा. मी नकाशा उघडला की ती म्हणे, “नो नीड, धिस वे.” पांढऱ्या वाघापाशी मी तिला उचलून घ्यायला गेलो, आणि ती अवघडून बाजूला झाली. तिला उचलायची गरजच नव्हती, तिला कठड्यावरून दिसत होतं.

दुपारी बाकावर सँडविच खाताना तिने विचारलं, “तुम्ही दमलात का?”

“अगं, तू मला अरेतुरे करायचीस. विसरलीस?”

“मराठी क्लासच्या टीचर म्हणतात, मोठ्यांना तुम्ही म्हणायचं.”

“पण मी मोठ्यांमधला नाही ना. मी बाबा आहे.”

तिने बराच विचार केला. “ओके,” म्हणाली. त्यानंतर दिवसभर ती इंग्रजीतच बोलली. तिथे ‘यू’ म्हणून भागतं.

सहा वाजता स्टेशनवर मानसीने विचारलं, “कसा गेला दिवस?” इरा तिथल्या लोकांच्या ढंगात म्हणाली, “ओके लाह.” मीही तेच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी दूर जायचं टाळलं. पासिर रिस पार्क तिच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे, आणि फुकट आहे. पर्यटक सहसा तिकडे फिरकत नाहीत, पण लहान मुलं असतील तर मी सेंटोसाच्या करमणूक-बेटाआधी हेच सुचवेन. तिवरांच्या जंगलातून लाकडी वाट जाते. ओहोटीला चिखलात खेकडे आणि उड्या मारणारे बोटभर मासे दिसतात. खेळायला दोरांचा मनोराच आहे, तीन मजले तरी उंच असेल. डास आहेत, मलम घेऊन जा.

इरा त्या दोरांवर सरसर वर गेली. शेजारच्या बाकावरची एक चिनी आजी मला म्हणाली, “युअर गर्ल आह? सो ब्रेव्ह!” मी हो म्हणालो. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला ते विचारलं होतं.

तेवढ्यात इराची मैत्रीण आली. शू मिन तिचं नाव. दोघी वर टोकाला जाऊन बसल्या आणि इरा बोलायला लागली. भराभर, हात हलवत, मधेच किंचाळत, मधेच पोट धरून हसत. असं हसताना मी तिला ती चार वर्षांची असताना पाहिलं होतं. मला वाटत होतं की ती आता मोठी होऊन शांत झालीय. ती शांत झालेली नव्हतीच. फक्त माझ्यासमोर तशी होती.

वरून आवाज येत होते.

“हू इज दॅट अंकल?”

“माय फादर लाह. ही लिव्ह इन इंडिया.”

“देन ही कम हिअर फॉर व्हॉट?”

“फॉर मी लोर.”

‘फॉर मी’ या दोन शब्दांवर माझी ती संध्याकाळ निघाली. प्रसादलाही मी ते दोनदा ऐकवले. डिसेंबरच्या सुट्टीत तिला पुण्याला घेऊन जायचं माझ्या मनात होतं. उद्या तिलाच विचारू, मग मानसीशी बोलू, असं ठरवून टाकलं.

तिसरा दिवस पुलाउ उबिन. सिंगापूर नुसतं काच आणि एसी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी या बेटावर जावं. बसने चांगी व्हिलेजला उतरायचं. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये आधी पोटभर खाऊन घ्या, बेटावर फारसं काही मिळत नाही. धक्क्यावरून लाकडी मोटरबोट सुटते. वेळापत्रक नाही, बारा माणसं जमली की निघते. पैसे रोखच द्यावे लागतात. दहा मिनिटांत पलीकडे. धक्क्याजवळ सायकली भाड्याने मिळतात. ब्रेक स्वतः तपासून घ्या.

बोटीत इरा माझ्या शेजारी बसली होती आणि पाणी उडलं तेव्हा तिने माझा दंड धरला. बेटावर आम्ही खूप सायकल चालवली. रानडुकराची चार पिल्लं रस्ता ओलांडताना पाहिली. ती ओरडली, “बाबा, बघ, बघ!” ते ‘बघ’ मी ऐकलं, आणि काही बोललो नाही. बोललो असतो तर तिने ते सुधारलं असतं.

बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावाच्या लाकडी पुलावर पोचलो आणि आभाळ एकदम काळं झालं. तिथे विजेचा इशारा झाला की पुलावर थांबू देत नाहीत. आम्ही पळत एका शेडखाली आलो. पाऊस इतका होता की समोरचा समुद्र दिसेना. दोघंच होतो. विचारायला याहून बरी वेळ मिळाली नसती.

“डिसेंबरात पुण्याला येशील? पंधरा दिवस?”

“डिसेंबर कॅनॉट,” ती पावसाकडे बघत म्हणाली. “वी हॅव टू पॅक.”

“कशाचं पॅकिंग?”

ती चष्मा काढून टीशर्टला पुसायला लागली. “ममा सेड शी विल टेल यू. आय थॉट शी टोल्ड ऑलरेडी.”

“काय सांगणार होती?”

“पर्थ. वी आर मूव्हिंग टू पर्थ. इन जॅन्युअरी.” मग, “आर यू अँग्री?”

“नाही.”

“देअर हॅव गार्डन,” ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणत होती, हे कळत होतं.

पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो. परतीच्या बोटीत ती माझ्या समोरच्या बाकावर बसली.

संध्याकाळी इरा घरी वर गेली आणि मानसी मला इमारतीखालच्या कॉफी शॉपमध्ये घेऊन बसली.

“मेल करणार होते,” ती म्हणाली. “मग वाटलं, तू येतोच आहेस, तर समोर सांगावं. आणि समोर आल्यावर जमेना.”

“पर्थच का?”

“माझाही पास डिसेंबरात संपतोय, निखिल. इथे वाढवणार नाहीयेत. पर्थच्या ऑफिसात जागा देतायत.” तिने पिशवीतून एक पाकीट काढलं. “इराच्या व्हिसाला तुझी संमती लागते. सही.”

“आणि मी नाही केली तर?”

मानसीने कपातली कॉफी ढवळली. “तर मी जाऊ शकणार नाही. तिला सोडून तर जाणारच नाही ना मी. मग आम्ही दोघी पुण्याला येऊ.”

मला तिचं कौतुक वाटलं, हेही लिहून ठेवतो. सही नाही केली तर त्या पुण्याला येतील, हे ती लपवू शकली असती.

पाकीट घेऊन मी तोआ पायोहला आलो. एमआरटीत मी मनातल्या मनात इराची शाळा ठरवली, कोथरूडमधली, माझ्या घरापासून दोन चौकांवरची. तिला सकाळी सोडायला मीच गेलो. पोहायचा क्लास लावला. शनिवारी सिंहगड. पाया लेबार येईपर्यंत एक अख्खं वर्ष झालं होतं. फक्त एक सही न करायची.

चौथ्या दिवसासाठी मी विज्ञान केंद्राचा बेत केला होता. स्टेशनवर इरा म्हणाली, आज शू मिनचा वाढदिवस आहे, दुपारी पार्टी आहे, पण ममा म्हणाली की रविवार बाबांचा आहे. मी म्हणालो, चल, मी सोडतो. म्हणून विज्ञान केंद्राची माहिती माझ्याकडे नाही.

दुपारी निघालो; शू मिनचं घर जवळच होतं. चालताना इराने विचारलं, “मराठीत बोलू?”

“बोल ना.”

“तुम्ही सही करणार?” म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

“तुला काय वाटतं?”

ती थांबली. “पुण्यात मला मराठी वाचायला लागणार. मला येत नाही. मला लहान मुलांच्या वर्गात बसवतील.” मग मराठी संपलं. “आय डोन्ट नो एनीबडी देअर, बाबा.”

ती हे मला दुखवायला म्हणत नव्हती. ती खरोखर घाबरली होती, आणि ज्याला ती घाबरली होती ते माझं घर होतं.

“प्लीज,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

पार्टी तीन तास चालली. मी खाली बाकावर बसून होतो. वरून गाणं ऐकू आलं, मग टाळ्या. मी पाकीट उघडून सही केली, दोन ठिकाणी, आणि तारीख घातली. याला कुणी मोठं मन वगैरे म्हणू नका. मला फक्त दिसलं की ती पुण्यात माझ्या घरी येऊन बसलीय आणि माझ्याशी अगदी नीट, आदराने बोलतेय, रोज. ते मला झेपलं नसतं.

सहा वाजता पाकीट मानसीला दिलं. तिला रडू आलं. इराने मला घट्ट मिठी मारली, चार दिवसांतली पहिली. ती कशासाठी होती हे मला माहीत होतं, तरी मी ती घेतली.

पुण्याला येऊन आता सहा आठवडे झाले. या सहलीबद्दल लिही म्हणून तुमच्यापैकी दोघातिघांनी सुचवलं, म्हणून लिहिलं. मुलांना घेऊन जायला सिंगापूरइतकं सोपं गाव मी पाहिलेलं नाही. रस्ते सुरक्षित, पाणी नळाचं पिता येतं, कुठेही पोचायला बस आहे. चार दिवस पुरतात. मला पुरले नाहीत, पण तो दोष त्या गावाचा नाही. पर्थच्या तिकिटांची चौकशी मी केली. पुढच्या वर्षी जाईनही. तिथे जून म्हणजे थंडी, मोठी सुट्टी नाही, म्हणजे कागदावरचे चार दिवस पुन्हा नव्याने ठरवावे लागतील. त्याबद्दल मानसीला अजून लिहिलेलं नाही. सकाळी उठतो, ऑफिसला जातो, येतो. रविवारी कॉल होतो.

गेल्या आठवड्यात मानसीने एक फोटो पाठवला. सुट्टीनंतर शाळेत ‘माझी जूनची सुट्टी’ असा इंग्रजी निबंध लिहायला दिला होता आणि इराला त्यात वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले होते. छान लिहिलाय. उबिनचा पाऊस आहे, रानडुकराची पिल्लं आहेत, मग शू मिनचा केक. शेवटी बाईंनी लाल शाईत शाबासकी दिलीय, आणि उबिनच्या परिच्छेदाशेजारी समासात एक प्रश्न लिहिलाय: तिथे तू कुणाबरोबर गेली होतीस?

खाली उत्तरासाठी एक ओळ सोडलेली आहे. ती कोरी आहे.