उंच खिडक्यांची खोली

नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे रियाधला आले आणि आपण आर्किटेक्ट आहोत हे मीच विसरत चालले. दुसऱ्या वर्षी त्याच्या ओळखीतल्या एका आर्किटेक्टनी मला घरी बसून ड्रॉइंग करायचं काम दिलं. त्यांच्या एका श्रीमंत सौदी क्लायंटनं स्कॉटलंडच्या खेड्यात जुनं दगडी घर घेतलं होतं, ते आतून बदलायचं होतं. क्लायंटची मुलगी अपघातानंतर व्हीलचेअरवर होती. तिला खोली कशी हवी हे विचारायला, बाईमाणूस म्हणून, मला पाठवलं.

ती माझ्याच वयाची होती. नकाशा मांडीवर पसरून तिनं इंग्रजीत विचारलं, "या खिडकीतून मला काय दिसेल?"

मी खिडकीची उंची बघितली. "बसून? नुसतं आभाळ."

"आभाळ इथंही आहे. मला गवत बघायचंय."

पण घर इतकं जुनं, की तिथल्या नियमांप्रमाणे खिडक्यांना हात लावता येत नव्हता. बरेच दिवस डोकं खाजवल्यावर मला सुचलं. खिडकीपाशी खोलीतली जमीनच उंच करायची, आणि तिथवर जायला हलका चढ द्यायचा. ते ड्रॉइंग बघून ती इतकी हसली, की काय झालं म्हणून तिची आई आतून धावत आली.

उन्हाळ्यात आर्किटेक्टचा फोन आला. "त्या खोलीतली जमीन सपाट करा. आता ती पाहुण्यांची खोली."

"का?"

"मुलगी गेली. इन्फेक्शन झालं होतं म्हणे."

कॉम्प्युटरवर तो चढ क्षणात पुसला गेला. पण रिकाम्या जागेत पलंग कुठं दाखवावा, ते दुपारभर ठरेना.

मग मी त्यांच्या घरी भेटायला गेले. बायकांच्या बैठकीत आईनं मला शेजारी बसवलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तिची ती उंच जमीन?"

"काढली," मी म्हटलं.

"खलास," ती हळूच म्हणाली. माझा हात हातात धरून बसून राहिली. समोरची कॉफी गार झाली.

मला हे काम नको, असं मी घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "मग दिवसभर करशील काय?" बाकीची ड्रॉइंग मीच पुरी केली. शेवटी आर्किटेक्टनी त्या खोलीच्या पडद्यांचा रंग विचारला. मी करडा कळवला, तिथल्या आभाळाचा.