मंदाताईंना ऐकायला पुसदला

नांदेडच्या स्टँडवर पुसदची गाडी लागली आणि नाना सगळ्यांच्या आधी आत चढले. मी पिशव्या घेऊन पोचेपर्यंत त्यांनी खिडकीची जागा धरून शेजारी माझ्यासाठी रुमालही टाकला होता. नाना म्हणजे माझे सासरे, पोस्टातून निवृत्त झालेले. एरवी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायचं तरी दहादा सांगावं लागतं. या प्रवासाची तयारी मात्र त्यांनी आठवडाभर आधीच करून ठेवली होती.

आम्ही बार्शीचे. आदल्या दिवशी लातूरमार्गे नांदेडला येऊन नणंदेकडे मुक्काम केला होता. आता निघालो होतो पुसदच्या श्रोता संमेलनाला. हे काय प्रकरण असतं, ते मलाही तोवर धड माहीत नव्हतं. रेडिओवर गाण्यांची फर्माईश करणाऱ्यांची नावं निवेदिका गावासकट वाचते. वर्षानुवर्षं तीच नावं ऐकून या लोकांची एकमेकांशी ओळख होते, चेहरा न पाहता. मग कुणीतरी पुढाकार घेतो आणि सगळे एका गावी जमतात. या वेळी पुसदच्या श्रोत्यांनी बोलावलं होतं, आणि जुन्या निवेदिका मंदाताई येणार होत्या. मंदाताई कधीच्याच निवृत्त झाल्या होत्या, पण नानांच्या लेखी रेडिओ म्हणजे त्यांचाच आवाज.

"एका बाईचा आवाज ऐकायला एवढ्या लांब?" असं माझे यजमान म्हणाले. त्यांना खरं कारण ठाऊक नव्हतं. नानांचा उजवा कान कधीच गेला होता आणि डावाही आता साथ सोडत होता. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. "एकदा समोर बसून ऐकू दे, वसुधा. मग काय, शांतताच आहे." मी शाळेत शिकवते; नाताळची सुट्टी होती. नाही म्हणवेना.

हदगाव मागे पडलं, पैनगंगेचा पूल ओलांडला आणि यवतमाळ जिल्हा लागला. दोन्हीकडे काळी जमीन, तुरीचे उंच पट्टे आणि मध्ये मध्ये कापूस. काही शेतांत बोंडं फुटून तशीच लोंबत होती, वेचायला कुणी नव्हतं. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांना मी कारण विचारलं, तर ते म्हणाले, "भाव पाहून वेचाई परवडत नाही, ताई." एवढं बोलून ते बाहेर बघू लागले. उमरखेडच्या पुढे रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले दिसू लागले. भरल्या गाड्या खालून गेल्या की फांद्या आपला वाटा काढून घेतात. नानांना मी ते बोटाने दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा घड्याळ पाहिलं.

पुसदच्या स्टँडवर स्वयंसेवक घ्यायला येतील असं कळवलं होतं. कुणीच नव्हतं. आम्ही समोरच्या हॉटेलात शिरून आलुबोंडा (आपला बटाटेवडा) मागवला. "वरून सांबार टाकू काय?" पोऱ्याने नव्हे, स्वतः मालकाने विचारलं. मी हो म्हटलं आणि वाटीची वाट पाहत बसले. त्याने वरून मूठभर कोथिंबीर भुरभुरली. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. संमेलनाचं ठिकाण विचारलं तेव्हा त्याने आमच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"त्या बंद जिनिंगात हाये. पण बाबाजीले कायले नेता तिथं? सकाळपासून नुस्ती जत्रा होऊन राह्यली."

गावाबाहेरची ती जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, त्या वर्षी सुरूच झालेली नव्हती. अंगणात मंडप घातला होता. रस्त्याच्या पलीकडे कापूस खरेदी केंद्र होतं आणि त्याचंही फाटक बंद होतं. त्याच्यासमोर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग पार वळणापर्यंत गेलेली. माल भरून आणलेली माणसं खरेदी सुरू व्हायची वाट पाहत तिथेच राहत होती, गाडीखाली झोपत होती, तीन दगडांवर चहा करत होती. संमेलनवाल्यांनी सकाळीच भोंग्यावरून गाणी लावली आणि जेवणाची घोषणा केली, तेव्हा ती सगळी आत आली. त्यात कुणीतरी गावात उठवून दिलं की सिनेमातली गायिका येणार आहे. मग गावही लोटलं. मंडप असेल चार-पाचशे माणसांचा. आत किती होती ते मी सांगू शकत नाही. उभं राहायला जागा नव्हती एवढं खरं.

संयोजक वानखडे फाटकाशीच भेटले. याच जिनिंगमधले ते दिवाणजी. बारीक अंगाचे, घसा बसलेला. हातातले बिल्ले संपले होते, म्हणून सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहून देत होते. "बार्शी – नारायण शेटे" असा पुठ्ठा त्यांनी स्वतः नानांच्या खिशाला टाचणीने लावला आणि म्हणाले, "माफ करजा. जिनिंग बंद हाये म्हणून जागा भेटली. एवढे लोक येतीन असं कोनाले वाटलं होतं?"

आम्ही खांबाला धरून उभे असताना एक उंच माणूस पुठ्ठा वाचून थबकला आणि त्याने नानांना मिठीच मारली. वणीचे आत्राम, कोळशाच्या खाणीत नोकरीला. त्यांचंही नाव नानांनी वर्षानुवर्षं ऐकलेलं. एवढ्या गोंगाटात नानांना काही कळत नव्हतं, पण पुठ्ठ्यावरचं "वणी" वाचून त्यांचा चेहरा उजळला.

"अन् शालिनीबाई कुठं हायेत?" आत्रामांनी मला विचारलं.

शालिनी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या आणि नानांच्या नावाने मिळून फर्माईश जायची. त्या गेल्याचं मी सांगितलं.

"आमच्या घरी तं शेटेशालिनी असं एकच नाव वाटे लेकराइले," आत्राम म्हणाले. "नाव येनं बंद झालं तवाच बायको म्हने, काहीतरी झालं असन."

त्यांनी नानांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. नाना माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना काय झालं ते कळलं असावं, कारण त्यांनी विचारलं नाही.

मंदाताई आल्या तेव्हा आम्हाला फक्त पुढच्यांच्या डोक्यांवरून एक निळा पदर दिसला. टाळ्या झाल्या. त्यांनी माइक हातात घेतला आणि भोंगा शिट्टीसारखा किंचाळला. माइक बदलला, तरी तेच. मग आवाज आला, पण दोन भोंग्यांतून एकाच वेळी दोन बाया वेगवेगळं बोलताहेत असा. धड कान असलेल्या मला एकही वाक्य समजलं नाही. नाना डावा कान पुढे करून, तळहात मागे धरून, डोळे मिटून उभे होते. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"बोलताहेत का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी हात खाली घेतला.

तेवढ्यात मागच्या बाजूने वाढप सुरू झाल्याची आवई उठली. सगळी गर्दी एकदम वळली. मला धक्का बसला, पिशवी खांद्यावरून ओढली गेली, मंडपाची एक बाजू बांबूसकट हळूहळू खाली बसली आणि कापडाखाली सापडलेली माणसं ओरडू लागली. नानांचा हात माझ्या हातातून सुटला. कुणाला फार लागलं नाही हे नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त एवढंच दिसत होतं की आजूबाजूला सगळे आहेत आणि नाना नाहीत. हाक मारून उपयोग नव्हता. त्यांना ऐकू येणार नव्हतं, हे आधी माझ्या लक्षात आलं नाही आणि मी "नाना, नाना" करत घसा फोडून घेतला.

मी कापडाखाली वाकून पाहिलं, मोठ्या कढयांपाशी पाहिलं. कढया रिकाम्या होत्या. आत्राम एका बाजूला शोधायला गेले, मी दुसऱ्या. कापूस तोलायच्या काटाघराच्या ओट्यावर वानखडे एकटे बसले होते. मी नानांबद्दल विचारलं, तर त्यांनी मान वर केली.

"पुठ्ठावाले बाबाजी? मागच्या गेटानं बाहेर गेले जी. मी पाह्यलं." आणि मी वळले तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले, "साल तं गेलंच होतं. म्हटलं, हे एक तरी निगुतीनं करू."

त्यांना धीराचं काहीतरी म्हणावंसं मला वाटलं, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी धावत सुटले.

नाना रस्त्यावर होते. कापसाच्या एका गाडीच्या सावलीत, पोत्यावर पाय दुमडून बसलेले, हातात ज्वारीची भाकर आणि तिच्यावर बेसन (आपण पिठलं म्हणतो ते). समोर एक नऊवारीतली बाई दुसरी भाकर थापत होती. नाव गंगाबाई. नवरा केंद्राच्या साहेबाला भेटायला गेला होता आणि ती गाडी राखत होती.

"तुमचे हायेत काय?" तिने मला विचारलं. "उन्हात एकटेच फिरून राह्यले होते. काही विचारलं तं आयकूच येत नाही. म्हटलं, पहिले जेवा, मंग सांगा."

मी मटकन खाली बसले आणि रडू लागले. नानांनी माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि उजव्या हाताने जेवत राहिले. गंगाबाईने न विचारता माझ्याही हातावर भाकर ठेवली. त्या भाकरीची चव मला आजही सांगता येते: चुलीचा वास, तिखट बेसन आणि वर तेलात परतलेली लाल मिरची.

"बाई, प्यायला पाणी मिळेल का?" पाठीमागून कुणीतरी म्हणालं.

मी वळायच्या आधीच ओळखलं. आमच्या स्वयंपाकघरात, कणीक मळताना, मुलांची दप्तरं भरताना मी तो आवाज ऐकलेला होता आणि कधी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. निळी साडी, पदराला धूळ, विस्कटलेला अंबाडा. गर्दीतून वाचवायला मंदाताईंना मागच्या फाटकाने बाहेर काढलं होतं आणि त्यांची मोटार बैलगाड्यांच्या रांगेत अडकून पडली होती. त्या कोण हे गंगाबाईला माहीत नव्हतं. तिने लोटा भरून दिला. मंदाताईंनी उभ्या उभ्याच तो संपवला.

नानांची पाठ होती. मी त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावून म्हटलं, "नाना, मंदाताई."

त्यांनी भाकर खाली ठेवली, हात धोतराला पुसले, आणि मी आधार द्यायच्या आत उठून उभे राहिले. पुठ्ठा खिशावर वाकडा लोंबत होता. मंदाताईंनी तो वाचला. त्या एक पाऊल पुढे आल्या. नानांनी डावा कान पुढे केला तशा त्या वाकल्या आणि त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही जेवलात का? मला तर सकाळपासून कुणी विचारलंच नाही."

नानांनी फार आदराने मान हलवली.

"हो," ते म्हणाले, "आमच्याकडे अगदी स्वच्छ ऐकू येतं."

मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कानाला बोट लावून मान हलवली. मग त्या हसल्या. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नानांच्या खांद्यावर हात ठेवून त्या तिथेच पोत्यावर टेकल्या, आणि गंगाबाईने त्यांच्याकडेही भाकर सरकवली. वानखड्यांचा माणूस मोटार मोकळी झाल्याचं सांगत येईपर्यंत आम्ही चौघं जेवत होतो. मंदाताई निघाल्या तेव्हा नानांनी त्यांना नमस्कार केला आणि त्यांनी वाकून उलट नानांना केला.

परतीच्या वाटेवर नाना नांदेडपर्यंत झोपले. बार्शीला पोचल्यावर आळीतले लोक, त्यांचे पोस्टातले मित्र विचारत राहिले, कसं झालं संमेलन? "गर्दी होती," नाना सांगायचे, "जेवण फार चांगलं मिळालं." मंदाताई काय बोलल्या असं कुणी विचारलं की म्हणायचे, "विचारपूस केली." यजमानांनी मला आडून विचारलं, जाऊन काय मिळवलं? मला सांगता येईना. मंडप पडला, भाषण कळलं नाही, स्वयंसेवक कधी भेटलेच नाहीत. कुणी मला त्या संमेलनाचा हिशेब मागितला, तर नापासच करावं लागेल. तरीही वानखड्यांना मी आभाराचं कार्ड टाकलं आणि ते मनापासून लिहिलं.

चार-पाच दिवस गेल्यावर एका दुपारी नाना स्वयंपाकघरात आले आणि पाटावर बसले. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"वसुधा, ती खरं काय म्हणाली गं?"

काहीतरी छान रचून सांगावं असं क्षणभर मनात आलं. पण ते माझ्या तोंडाकडे इतके एकटक पाहत होते की जमलं नाही. मी जवळ बसून, सावकाश, डाव्या कानात सांगितलं. जेवलात का, असं विचारलं. स्वतः उपाशी असल्याचं म्हणाल्या.

"आणि मी काय म्हणालो?"

तेही सांगितलं.

नानांनी मान खाली घातली. मला वाटलं, त्यांना लागलं. मग त्यांचे खांदे हलू लागले.

"मला वाटलं, तुमच्याकडे रेडिओ नीट ऐकू येतो का, असं विचारतेय. बाई भुकेली आणि मी तिला..." त्यांना पुढे बोलता येईना. हसू ओसरल्यावर त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "मग तिला राग आला का?"

"नाही. हसल्या."

"हां," नाना म्हणाले, "ते मला दिसलं."