तपासणीची पाहुणी

वसंतराव मोहिते म्हणजे इज्जतीचं चालतंबोलतं दुकान. आत माल नाही, पण काच रोज पुसलेली. शारजा औद्योगिक क्षेत्रात ते एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे स्टोअरकीपर. कऱ्हाडला फोनवर मात्र ‘मटेरियल्सचं सगळं माझ्याकडेच असतं’. राहायला ऐसपैस फ्लॅट. म्हणजे त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये प्लायवूड ठोकून काढलेली एक खोली. तिच्यात ते, बायको कमलिनी आणि आठवीतली उर्वी. पलीकडे कोण घोरतंय, हे उर्वी नुसत्या आवाजावरून सांगायची.

अशात घरमालकानं फर्मान काढलं: पार्टिशन खलास, महिनाअखेर खोली रिकामी करा. अख्खा फ्लॅट घेणं पगारात बसेना. दुसरं घर मिळालं नाही, तर मायलेकींना कऱ्हाडला धाडण्यावाचून इलाज नव्हता.

तेवढ्यात अजमानमधल्या एका नव्या इमारतीची बातमी आली. बिल्डरला सरकारी फीत सवलत, त्या बदल्यात काही फ्लॅट कमी पगाराच्या कुटुंबांना निम्म्या भाड्यात. बिल्डरच्या अंगात गरिबांची कळकळ कशी संचारली, ते सांगायला नकोच. कमलिनीनं नवऱ्याच्या मागे लागून अर्ज करवला. पगार नियमात बसला. आता फक्त तिथल्या ऑफिसातल्या हुमेरा मॅडम घरी येऊन गरज बघून जाणार होत्या.

घरी येणार! झालं. वसंतरावांच्या डोक्यात तपासणी शिरलीच नाही, शिरली ती पाहुणी. शेजारच्या मल्याळी कुटुंबाचा टीव्ही आला. वरच्या मजल्यावरून सोफा आला. काजूकतली आली.

“अहो, ती आपली अडचण बघायला येतेय, मुलगी बघायला नाही!” कमलिनी कळवळून म्हणाली.

“म्हणून काय भिकाऱ्यासारखं बसायचं? लाज आहे की नाही काही!”

सोफ्यामुळे दार नीट उघडेना, तेव्हा हुमेरा मॅडम तिरप्या होऊन आत शिरल्या. बिचाऱ्यांनी सरळच विचारलं, “यहाँ रहने में कोई तकलीफ?”

“तकलीफ? छे छे! भगवान की दया से सब कुछ है, मॅडम. आप काजूकतली लीजिए ना.”

उर्वी म्हणाली, “पप्पा, बट वी हॅव टू...” वसंतरावांनी डोळे वटारले. मॅडमनी काजूकतली खाल्ली आणि गेल्या. दोन दिवसांत मेसेज आला: आपल्या कुटुंबाला गरज दिसत नाही. अभिनंदनच म्हणायचं!

कमलिनीनं नवऱ्याला दुसऱ्याच दिवशी ऑफिसात पिटाळलं. हुमेरा मॅडम भल्या निघाल्या. म्हणाल्या, “बस, एक बार बोल दीजिए कि इस सॅलरी में घर नहीं चलता. मैं फाइल फिर से खोलती हूँ.”

वसंतरावांनी तोंड उघडलं, आणि मागून हाक आली, “काय वसंतराव, इकडे कुठे?”

दत्तप्रसाद! इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ज्याला ‘दुबईत फ्लॅट बघतोय’ म्हणून सांगितलं होतं, नेमका तोच. त्याच्याही हातात रांगेचं टोकन होतं, ते त्यानं झटकन खिशात घातलं.

“सहज. मॅडमना थँक्यू म्हणायला आलो होतो,” वसंतराव म्हणाले.

“मीही सहजच.”

हुमेरा मॅडम आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. दोघे सद्गृहस्थ खाली उतरले, कडक चहा प्याले, आणि हल्ली गरजू लोकांचे किती हाल होतात यावर हळहळले.

घरी आल्यावर वसंतरावांनी सगळं सांगितलं. कमलिनी चिडेल, रडेल, असं त्यांना वाटलं होतं. तिनं पलंगाखालची बॅग ओढली आणि उर्वीचे कपडे भरायला घेतले.

“अगं, तो मंडळात सगळ्यांना सांगत सुटला असता. लोक हसले असते.”

“हसले असते,” कमलिनी म्हणाली. तिचा हात थांबला नाही. “आणि मी इथं असते.”