उलट्या वेढ्यांची माशी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे प्रोफेसर म्हणतात आणि त्याला ते कौतुक वाटतं. हे नाव मीच ठेवलं होतं, त्याच्या बडबडीला वैतागून. माणूस टाइल्सच्या दुकानात सेल्समन आहे. बाथरूमसाठी टाइल्स घ्यायला आलेल्या जोडप्याला तो तासभर ओलाव्याचं तत्त्वज्ञान ऐकवतो. मग सुटका करून घ्यायला ती बिचारी समोर दिसेल ती टाइल घेऊन पळतात. त्याला वाटतं, हे आपलं विक्रीचं कसब.

रविवारी तो आम्हाला मासेमारी शिकवतो. आम्ही म्हणजे मी आणि बस डेपोतला मेकॅनिक. मी किल्ल्या बनवतो, मेकॅनिक इंजिनं उघडतो. दोघांपैकी कुणाकडेही गाडी नाही. प्रोफेसरकडे आहे. बारा वर्षं त्याचं ऐकून घेण्यामागे दुसरं काही कारण असेल असं कुणी समजू नये.

आमची नदी समुद्राला मिळते तिथून भरतीचं खारं पाणी बरंच आत चढतं. त्याबरोबर बोई, मुडदुशी, वीतभर तांबोशी असे लहान मासे आत येतात. मोठ्या होड्यांवरचे लोक त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. आम्ही रबरी बूट घालून गुडघाभर पाण्यात उभे राहतो, हलक्या काठीने दोर मागे-पुढे झुलवतो आणि टोकाची माशी पाण्यावर सोडतो. माशी म्हणजे खरी नव्हे. गळावर पिसं, लोकर आणि तार गुंडाळून केलेलं खोटं भक्ष्य, त्याला आम्ही माशी म्हणतो. मासा लागला की फूटपट्टीवर ठेवून फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा. मोठ्या माणसांनी करावं असं हे काम नाही, पण मला ते आवडतं.

प्रोफेसरचा दोर दर चौथ्या फेकीला मागच्या झुडपात अडकतो. तो सोडवायला जाताना तो म्हणतो, "वारा तपासत होतो." पाण्यात बरणीचं झाकण पडलं तरी त्याला त्यात माशांची हालचाल दिसते. मासा मेकॅनिकला लागला तर नशीब, मला लागला तर जागा चांगली, त्याला लागला तर अभ्यास.

या अभ्यासात ताई बसत नव्हती. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर मेणातून दाढा कोरायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन इस्त्रीच्या टेबलाला छोटा चिमटा अडकवून नवऱ्यासाठी माशा बांधायच्या. माझ्यासाठीही ती बांधायची, पण ते मी कुणाला सांगत नसे. प्रोफेसर तर उघड म्हणायचा, "मी बांधतो. ही दोरा कापून देते."

मागच्या वर्षी ताईने भरतीच्या पाण्यातल्या जिवंत कोळंब्या मला आणायला लावल्या. काचेच्या बरणीत त्या ठेवून ती आठवडाभर बघत बसली. घाबरलेली कोळंबी मागे पळते हे तिच्या लक्षात आलं, म्हणून तिने माशीचे डोळे दोराच्या टोकाला न लावता गळाच्या वाकाकडे लावले, म्हणजे दोर ओढला की ती मागे पळतेय असं वाटे. करडी लोकर अंगाला, आणि त्यावरून बिघडलेल्या इअरफोनमधली तांब्याची बारीक तार, कोळंबीच्या अंगावरच्या वळ्यांसारखी. ताई डावखुरी आहे. तिचे तारेचे वेढे बाकीच्यांच्या उलट दिशेने जातात. हातात घेऊन नीट पाहिलं तर कळतं, एरवी नाही.

त्या माशीला मासे अक्षरशः येऊन चिकटायचे. एका हंगामात पाच जातींचे मासे मिळाले, आणि तिथून सगळी भानगड सुरू झाली.

कारण गळाच्या दुकानात एक काचेची पेटी आहे. एखाद्या नव्या माशीला एका हंगामात पाच जाती लागल्या, तर ती माशी त्या पेटीत कायमची जाते. खाली कार्ड, कार्डावर बनवणाऱ्याचं नाव. अट एवढीच, की बनवणाऱ्याने तशीच दुसरी माशी दुकानदारासमोर बसून बांधायची आणि माहितीतल्या एका माणसाने खाली सही करायची. अठ्ठावीस वर्षांत अकरा माशा आत गेल्यात. ही गोष्ट आमच्या शहरात चाळीसेक माणसांना ठाऊक असेल, आणि त्या चाळिसांना ती फार मोठी वाटते.

ताईलाही वाटत होती. कवळ्यांवर कुणाचं नाव नसतं, ती एकदा म्हणाली होती.

प्रोफेसरने दुकानात आपलं नाव देऊन टाकल्याचं आणि शनिवारी तिथे बांधून दाखवायचं ठरल्याचं कळलं तेव्हा तिने मला घरी बोलावलं. तो टाइल्स विकायला गेला होता.

"मी त्यांना म्हटलं, मी येते, मी बांधून दाखवते," ती म्हणाली. "तर म्हणतात, तिथे बायका येत नाहीत. तू असशील ना शनिवारी?"

"असेन."

"मग तू सांग. मोठ्याने नको. दुकानदाराने विचारलं तर नुसतं सांग, ही ताईची आहे. एवढंच कर माझ्यासाठी."

"सांगतो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

शनिवारी दुपारी प्रोफेसर इस्त्रीचा शर्ट घालून दुकानातल्या चिमट्यासमोर बसला, मी आणि मेकॅनिक मागे उभे. महिनाभर त्याने चोरून सराव केला होता, हे मान्य केलं पाहिजे. माशी बरी जमली. लोकर थोडी फुगली होती, डोळे वाकडे होते, पण दुरून ती ताईची वाटली असती. दुकानदाराने दोन्ही माशा भिंगाखाली शेजारी-शेजारी धरल्या.

"हिचे वेढे उलटे आहेत," तो म्हणाला. "तुम्ही आत्ता बांधली तिचे सुलटे."

इतकी वर्षं रोज संध्याकाळी बायको समोर बसून तार गुंडाळत होती. ती कुठल्या हाताने गुंडाळते हे या गृहस्थाने कधी पाहिलंच नव्हतं. त्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग त्याच्यातला सेल्समन जागा झाला.

"बरोबर ओळखलंत!" तो म्हणाला. "ती ओहोटीची, ही भरतीची. ओहोटीला पाणी उलट वाहतं, म्हणून मी वेढे उलटे घेतो. माशी पाण्यात फिरते तशी मग. फार सूक्ष्म गोष्ट आहे. सगळ्यांना नाही सांगत मी."

इतका निर्लज्ज मूर्खपणा मी आयुष्यात ऐकला नव्हता. मेकॅनिकने मान डोलावली! दुकानदाराने चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू तर घरातला माणूस. खरं आहे का हे?"

प्रोफेसरही माझ्याकडे बघत होता. त्याच्या बोटात गाडीची किल्ली होती. ती मीच बनवून दिली होती. मला आठवलं, की उद्या भरती सकाळी सातला आहे, आणि बस नदीपर्यंत जात नाही.

"हो," मी म्हणालो. "भाऊजी तसंच बांधतात."

दुकानदाराने कार्डावर प्रोफेसरचं नाव लिहिलं आणि खाली, बारीक अक्षरात, 'ओहोटीची माशी' असंही. मी सही केली. सही चांगली आली.

संध्याकाळी ताईकडे गेलो. न गेलो असतो तर तिला संशय आला असता, असं मी स्वतःला सांगितलं. प्रोफेसर पेढीवरल्या शेठसारखा सोफ्यावर बसून फोनवर कुणाला तरी ओहोटी समजावत होता. ताई स्वयंपाकघरात होती. त्याने पाठवलेला कार्डाचा फोटो तिच्या फोनवर उघडा होता. तिने तो बोटांनी मोठा केला.

"ही सही तुझी ना?"

"हो."

"वाचून केलीस?"

"ताई, त्यांनी तिथे सगळ्यांसमोर—"

"वाचून केलीस का?"

"हो."

तिने फोन पालथा ठेवला. मला वाटलं ती रडेल. ती रडली असती तर बरं झालं असतं, मी समजूत घातली असती. तिने हात पुढे केला. "तुझा डबा दे."

माझ्या जाकिटात माशांचा डबा कायम असतो. मी दिला. त्यातल्या तिच्या माशा तिने एकेक करून बाहेर काढल्या, कवळीच्या तारा कापायच्या पकडीने तांब्याचे वेढे कापले, लोकर ओढून काढली आणि उघडे गळ पुन्हा डब्यात ठेवले. प्रोफेसरचा डबा आधीच शेजारी पडलेला होता. त्यातही नुसते गळ होते.

"हे असे आहेत ते मला लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात कळलं," ती म्हणाली. आवाज साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "त्यांचं मला काही वाटत नाही. तुझं मात्र आज कळलं."

बाहेरून प्रोफेसर ओरडला, "साडेपाचला निघू रे, भरती चुकायला नको!"

"जा," ताई डबा माझ्या हातात देत म्हणाली. "जाशीलच ना?"

मी गेलो.