अंदमानच्या टूरला आचारी कोण

चौगुले सर ऑफिसात आले तेव्हा मी मद्रासच्या ट्रंक कॉलची वाट बघत होतो. ते बसले नाहीत. टेबलासमोर उभं राहूनच म्हणाले, "कांबळे, आचारी कोण ठरवलाय?"

"आमच्या वैनी येणार आहेत सर. शांतावैनी. निपाणीत मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक करतात. मोठ्या पंगतीची सवय आहे."

सर भिंतीवरच्या नकाशाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या सख्ख्या वैनी?"

"होय."

"मग अवघड आहे."

काय अवघड आहे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बेळगावात बस स्टँडजवळ एका खोलीत माझं टूर्सचं ऑफिस होतं. वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल होते. आमच्या घराण्यात खुर्चीत बसून धंदा करणारा मीच पहिला. तोवर मी हंपी, म्हैसूर, गोकर्ण अशा टूर नेल्या होत्या. अंदमानची कल्पना चौगुले सरांचीच. ते उचगावचे, शहरातल्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. एकदा म्हणाले, "आम्हा मास्तरांना एखादं बेट दाखवा की. पण खिशाला झेपलं पाहिजे."

मी ते मनावर घेतलं. अशा टूरला तीन मोठे खर्च असतात: प्रवास, राहणं आणि जेवण. विमान आमच्यासाठी नव्हतंच. म्हणून बेळगावहून रेल्वेनं बेंगळूर, तिथून मद्रास आणि मद्रासहून जहाज. जहाजात बंक क्लास. बंक क्लास म्हणजे खालच्या मजल्यावरचा एक मोठा हॉल, त्यात एकावर एक लोखंडी पलंग, सगळी माणसं एकत्र. राहायला पोर्ट ब्लेअरमध्ये एका ओळखीच्या माणसानं तिथल्या मराठी मंडळाचा हॉल मिळवून दिला होता. राहिलं जेवण. तिथं हॉटेलात जेवायचं तर टूरचा खर्च दुप्पट झाला असता. म्हणून जोंधळ्याचं पीठ, डाळी, चटण्या आणि स्टोव्ह बरोबर न्यायचे आणि हॉलमध्येच शिजवायचं. बेळगावातल्या दोन आचाऱ्यांना विचारलं. जहाज म्हटल्यावर दोघांनी हात जोडले. वैनी मात्र लगेच तयार झाल्या.

"सर," मी म्हणालो, "तिकिटं मी काढतोय, हॉल मी बघितलाय, पैसे माझ्याकडं दिलेत. ते चाललं."

"तिकिटं काढणं वेगळं आणि जेवण वेगळं. माझं काही नाही हो, मी कुठंही जेवतो. पण आई आहे बरोबर. आईला चालत नाही."

"जहाजावर चार दिवस कोण शिजवणार, ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही."

"माहीत नाही तेच बरं आहे," सर म्हणाले. "दुसरा आचारी बघा. नाहीतर आमची नावं काढा. आमच्या शाळेतले जोशी आणि हुद्दारही माझ्याबरोबरच आहेत."

ते गेले. मी बोटांवर माणसं मोजली. तीन घरं म्हणजे नऊ माणसं. पार्टी बुकिंगचा नियम असा की ठरलेल्या संख्येखाली गट गेला तर रेल्वेची सवलत जाते आणि जागांचीही खात्री राहत नाही. जहाजाचंही तसंच. मद्रासच्या एजंटनं आमच्या गटासाठी बर्थ अडवून ठेवले होते, पण शनिवारी त्याला पक्की नावं द्यायची होती. नावं कमी पडली तर तो बर्थ दुसऱ्या गटाला देणार होता. आज गुरुवार होता.

संध्याकाळी निपाणीला गेलो. वैनी वसतिगृहाच्या मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी आडवळणानं सांगायला लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं.

"माझ्या हातचं नको म्हणतात, व्हय ना?"

"तीन घरं. बाकीचे काही बोललेले नाहीत."

"मग मी न्हाय येत. दुसरी बघा भावजी. तुमचा धंदा बुडाया नको."

"दुसरी बघणार नाही. तुम्ही येताय."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुम्ही माझ्या वतीनं हो म्हणताय, ते माझ्या वतीनं नको म्हणतात. मला कोण इचारतंय का?"

मी सुपातले खडे वेचायला लागलो.

"मी येते," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्यासाठी न्हाय. मला समुद्र बघायचाय. करीन ते जेवणारे जेवतील. न जेवणाऱ्याला मी हात जोडणार न्हाय, तुम्हीबी जोडू नका."

शुक्रवारी सकाळी जोशी आणि हुद्दार यांच्या घरी जाऊन ॲडव्हान्स परत केला. दोघांनीही चहा विचारला नाही, पण वाईटही बोलले नाहीत. तिथून उचगाव गाठलं. चौगुल्यांच्या सोप्यात सरांची आई शेवया करत बसली होती. यल्लूबाई तिचं नाव, गाव तिला यल्लूआक्का म्हणायचं. साठी ओलांडलेली, वाळकी, पण हात भराभर चालत होते. सूनबाई शेवया उन्हात घालत होत्या. सर शाळेला निघण्याच्या तयारीत होते.

मी पाकीट सरांच्या हातात दिलं. आक्कानं मान वर केली.

"काय रं, कसलं पैसं?"

"टूरचं आहे, आई," सर म्हणाले. "रद्द केली."

"का?"

सर माझ्याकडं बघायला लागले. मी उत्तर द्यायला नको होतं कदाचित. पण दिलं. "स्वयंपाकाला माझी वैनी आहे, आक्का. आम्ही कांबळे. तुम्हाला चालत नाही असं सर म्हणाले."

आक्काचे हात थांबले. "मी कवा म्हटलं?"

"आई, तू घरात—"

"घरात न्हायच चालत. ह्या चुलीपाशी मी हाय तोवर चालायचं न्हाय. खोटं कशाला बोलू?" ती माझ्याकडं बघून म्हणाली. मला ते लागलं, पण ती नजर चुकवत नव्हती. "पण तिकडं समुद्रापल्याड काय चालतं, काय न्हाय, ते मी तिथं गेल्यावर बघीन. तू हिथंच कसं ठरवलंस?"

"लोक काय म्हणतील, आई?"

"लोक येणार हायत का माझ्यासंगट?"

सर चिडले, पण आवाज वाढवला नाही. "मग तू एकटी जा. मी येणार नाही. आणि ही पण येणार नाही." सूनबाईंनी शेवयांचं दुसरं ताट उचललं आणि उन्हात नेलं.

आक्का मला म्हणाली, "तुझी वैनी भाकरी करती का नुसता भात?"

"भाकरी करते."

"मग माझं नाव ऱ्हाऊ दे."

माझी पंचाईत झाली. मुलगा नको म्हणतोय आणि आई येते म्हणते. आई कधी रेल्वेत बसलेली नाही, आणि आता जहाजात चार दिवस. वाटेत तिला काही झालं तर बेळगावात माझं ऑफिस उघडं राहिलं नसतं. लोक काय म्हणाले असते ते मला पाठ होतं. कांबळ्यानं चौगुल्यांच्या म्हातारीला फूस लावून नेली. मी सरांना म्हणालो, "तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी नेणार नाही."

सरांनी जेवणाचा डबा सायकलीला अडकवला. मग पाकिटातून आईच्या वाट्याचे पैसे काढून माझ्या हातात दिले आणि सायकल घेऊन निघून गेले. तोंडानं मात्र हो म्हणाले नाहीत.

आक्का धरूनही आठ माणसं कमी होती. उचगावहून परत येऊन मी बेळगावजवळच्या मच्छे गावी गेलो. तिथल्या एका कारखान्यात माझा वर्गमित्र अर्जुन टर्नर होता. जेवणाच्या सुट्टीत गेटवर त्याला गाठलं.

"अंदमान?" तो म्हणाला. "सुट्टी कोण देणार?"

"आठ माणसं पाहिजेत. उद्या दुपारपर्यंत सांग."

शनिवारी मी सकाळपासून फोनजवळून हललो नाही. मद्रासचा कॉल अर्जुनच्या आधी आला. लाइनीवर खरखर होती.

"नेम्स फायनल?" एजंट विचारत होता.

"वन अवर," मी म्हणालो. "प्लीज, वन अवर."

"पार्टी वेटिंग, मिस्टर कांबळे. आफ्टर लंच आय गिव्ह."

जेवणाची वेळ झाली तरी अर्जुनचा पत्ता नव्हता. मी बेंगळूरपर्यंतची तिकिटं रद्द करायची तयारी सुरू केली. तेवढ्यात तो आला. घामाघूम, अंगावर कारखान्याचाच शर्ट. "सहा जण," तो म्हणाला. "तीन जोड्या, आम्ही दोघं धरून. आणखी कोण न्हाय."

तरी दोन कमी. एकाच्या जागी मी स्वतःचं नाव घातलं. आधी मी मद्रासपर्यंत सोडून परत येणार होतो. दुसऱ्या जागी माझी बायको. तिला विचारायला वेळ नव्हता, आणि त्याबद्दल तिनं मला पुढं बरंच ऐकवलं. मद्रासला कॉल लावून नावं दिली. एजंट "ओके" म्हणाला आणि लाइन तुटली.

स्टेशनवर सर आले. आईची वळकटी डब्यात ठेवली, तिला खिडकीशी बसवलं. वैनी समोरच्या बाकावर होत्या. सरांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. गाडी सुटताना मला म्हणाले, "पोचल्याबरोबर तार करा."

जहाज मद्रासहून निघालं तेव्हा समुद्र शांत होता. दुसऱ्या दिवशी तो फुगला. मला भीती आक्काची होती. पण आक्काला काही झालं नाही. ती डेकवर पदर खोचून बसायची आणि उडणारे मासे दिसले की सगळ्यांना दाखवायची. आडव्या झाल्या त्या वैनी. पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरेना. जहाजाच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, "लक्ष ठेवा. उद्यापर्यंत असंच राहिलं तर सलाइन लावावं लागेल." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. भाऊ घरी होता. त्याला काय तोंड दाखवायचं, हा विचार करत मी त्यांच्या पलंगाशी बसून राहिलो. जमीन दिसली तेव्हा कुठं त्यांनी घोटभर चहा घेतला.

पोर्ट ब्लेअरला हॉलवर पोचलो तेव्हा वैनींना उभं राहवत नव्हतं. माणसं भुकेली होती. पीठ, डाळ, स्टोव्ह सगळं समोर होतं, पण करणार कोण? टूरमधल्या बाकीच्या मास्तरांच्या बायका एकमेकींकडं बघत होत्या. मी हॉटेल शोधायला निघालो. तेवढ्यात यल्लूआक्का उठली, हात धुतले आणि वैनी पडल्या होत्या त्या सतरंजीपाशी जाऊन उकिडवी बसली.

"शांताबाई," ती म्हणाली, "तुझ्या भांड्याला हात लावू का?"

वैनींनी डोळे उघडले. काही क्षण तिच्याकडं बघितलं. 

"लावा की, आक्का," त्या म्हणाल्या. "परात ट्रंकेत हाय."

त्या दिवशी भाकऱ्या आक्कानं थापल्या, पिठलं माझ्या बायकोनं केलं. पहिलं ताट आक्कानं वैनींना नेऊन दिलं. दुसऱ्या दिवसापासून वैनी उठल्या आणि मग शेवटपर्यंत दोघी मिळून करत होत्या. भाकरी किती जाड असावी यावर दोघींचं एकमत कधीच झालं नाही. जेवायला कुणी मागं राहिलं नाही. मी सरांना तार केली: सगळे सुखरूप.

परत आलो तेव्हा सर स्टेशनवर होते. आईची वळकटी घेतली. मग वैनींच्या समोर थांबले. बहुतेक काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण आठवत नसावं.

"आईचा त्रास झाला नाही ना?" त्यांनी विचारलं.

"झाला की," वैनी म्हणाल्या. "मीठ लई घालतात."

सर हसले नाहीत. पण वैनींची पिठाची रिकामी ट्रंक उचलून त्यांनी टांग्यापर्यंत नेली. उचगावच्या त्यांच्या चुलीपाशी पुढं काय चाललं, काय नाही, ते मला माहीत नाही. मला तिथं कधी जेवायला बोलावणं आलं नाही.

त्या टूरनंतर मी धंद्यात एक नियम केला. घरातल्या एकानं येऊन पाच जणांचं हो किंवा नाही सांगितलं तर मी ते धरत नाही. जो जाणार, त्याच्याच तोंडून ऐकतो. यात वेळ फार जातो, आणि काही गिऱ्हाइकं तुटतात.